परिचयपत्रक: तें लिहावें कसें आणि राखावें कसें

आमच्या वसईंतील कोणत्याहि धर्मग्रामाच्या कचेरींत स्नानसंस्काराची नोंदवही असते. मुलाला स्नानसंस्कार मिळाला कीं त्याचें नांव, जन्मतारीख, आईबापांचीं व धर्ममातापित्यांचीं नांवें हीं सर्व तींत लिहिलीं जातात. परंतु ती नोंद तेथेंच संपत नाहीं. पुढें त्याला दृढीकरणाचा संस्कार मिळाला, त्याचा विवाह झाला किंवा त्यानें गुरुदीक्षा घेतली, तर त्या गोष्टीची टीप त्याच जुन्या नोंदीशेजारीं करण्याचा चर्चचा नियम आहे. विवाह गोव्यांत झाला वा परदेशांत झाला, तरी तिकडून कळविलें जातें आणि वसईच्या वहींत एक ओळ वाढते. म्हणूनच विवाहाच्या वेळीं वीस वर्षांपूर्वींचा, पिवळा पडलेला दाखला चालत नाहीं. नुकताच काढलेला आणावा लागतो. जुना दाखला खोटा नसतो; तो अपुरा असतो.

आमचे विद्यार्थी शाळा सोडून जातात, कॉलेजांत शिकतात, नोकरीस लागतात, नोकरी बदलतात. त्यांच्या संस्कारांची नोंद चर्च राखतें, परीक्षेंतील गुणांची नोंद परीक्षामंडळ राखतें. परंतु ते कोणतें काम शिकले, कोठें किती दिवस राबले, याची नोंद राखणारें दुसरें कोणी नाहीं. ती ज्याची त्यानेंच राखावी लागते. ती कशी राखावी व तींतून परिचयपत्रक कसें तयार करावें, आणि या कामीं दुसऱ्याची मदत कोठवर घ्यावी, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

परिचयपत्रक म्हणजे ज्याला आपल्याकडे बायोडाटा आणि कचेऱ्यांतून रेझ्युमे किंवा सीव्ही म्हणतात, तो एक-दोन पानांचा कागद. अर्ज करणारा कोण आहे, त्याला काय येतें आणि तें तो कोठें शिकला, एवढें त्यांत असावें. बायोडाटा हा शब्द आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांतहि चालतो, त्यामुळें पुष्कळ घोटाळा होतो. नोकरीच्या कागदावर उंची, वर्ण, वडिलांची वाडी आणि भावंडांचीं लग्नें यांचा तपशील आम्हीं स्वतः वाचलेला आहे. सोयरीक जुळविणारास तो हवा असेल; काम देणारास नको असतो.

हा विषय सुचण्यास आमची एक चूक कारण झाली. ती सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमचे कांहीं माजी विद्यार्थी एका कारखान्यांतील जागांसाठीं अर्ज करणार होते. त्यांनीं आमच्याकडे परिचयपत्रकाचा नमुना मागितला. आम्हीं मोठ्या हौसेनें, शुद्ध इंग्रजींत एक नमुना तयार केला व तो सर्वांस दिला. मुलांनीं त्यांतील नांव, पत्ता आणि गुण तेवढे बदलले. मुलाखतीच्या दिवशीं अधिकाऱ्यांनीं तीन मुलांचे कागद एकाशेजारीं एक ठेवले आणि तेंच एक वाक्य तीनदां मोठ्यानें वाचून दाखविलें. त्या मुलांत एकजण असा होता, कीं तो दहावीपासून घरच्या वाडींतील पाण्याचा पंप स्वतः उघडून दुरुस्त करीत असे, आणि शेजारच्या वाड्यांतूनहि त्याला बोलावणें येई. जागा यंत्रांच्या देखभालीची होती. परंतु आमच्या नमुन्यांत पंपाला स्थानच नव्हतें, म्हणून त्यानें तो लिहिला नाहीं. आणि लिहिला नाहीं, म्हणून त्याविषयीं कोणीं विचारिलेंहि नाहीं. त्याची निवड झाली नाहीं. पुढें तो भेटला तेव्हां रागावलेला नव्हता. "सर, कागद चांगला होता," तो म्हणाला, "पण त्यांत माझें असें कांहीं नव्हतें." त्या दिवसापासून आम्हीं नमुना देणें सोडलें.

आतां प्रथम हें पाहूं, कीं परिचयपत्रक नेहमीं ताजें कां ठेवावें. याचें पहिलें कारण हें, कीं कोणत्या कामाला केव्हां मागणी येईल, हें आधीं कळत नाहीं. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र पाहा. सोळाव्या शतकांत वसईंत जन्मलेले गोन्सालो तरुणपणीं जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानांत गेले आणि तेथें कित्येक वर्षें राहून जपानी भाषा शिकले. पुढें त्यांनीं व्यापार केला, आणि त्यानंतर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून प्रवेश केला. १५९३ सालीं फिलिपाइन्सच्या गव्हर्नरानें जपानांत वकिलात पाठविली, तेव्हां तिला दुभाषा हवा होता. त्या कामीं गोन्सालोंची योजना झाली. १५९७ सालीं नागासाकी येथें त्यांना हौतात्म्य आलें आणि १८६२ सालीं त्यांना संतपद मिळालें. संतांचें मोल नोकरीच्या तराजूंत तोलावें, असा आमचा हेतु नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच, कीं एका ठिकाणीं मिळविलेली विद्या पुष्कळ वर्षांनीं, अगदीं निराळ्या ठिकाणीं उपयोगीं पडते. मात्र ती आपल्याजवळ आहे, हें त्या वेळीं लोकांस ठाऊक असावें लागतें.

दुसरें कारण स्मरणाचें. अर्जाची मुदत उद्यां संपणार असली म्हणजे आज रात्रीं बसून माणूस आठवूं लागतो. तीन वर्षांपूर्वीं केलेल्या कामाचा महिना आठवत नाहीं, शिकविणाऱ्याचें पूर्ण नांव आठवत नाहीं, प्रमाणपत्र कोणत्या पिशवींत आहे तें आठवत नाहीं. घाईंत जें सुचेल तें लिहिलें जातें, आणि जें खरोखर मोलाचें तें राहून जातें.

यावर उपाय सोपा आहे. एक साधी वही करावी. नवें काम हातीं घेतलें, एखादें शिक्षण पुरें झालें, कीं त्याच आठवड्यांत तींत चार गोष्टी लिहाव्या: काम कोणतें, कोठें, केव्हांपासून केव्हांपर्यंत, आणि त्यांतून काय साधलें. शक्य तेथें आंकडा द्यावा. 'दुकानांत मदत केली' या वाक्यांतून कांहींच कळत नाहीं. 'किराणा दुकानांत दोन वर्षें संध्याकाळीं रोजचीं सुमारें साठ बिलें लिहिलीं व रात्रीं रोकड मोजून दिली' या वाक्यांतून माणूस दिसतो. पगार मिळाला तेंच काम, अशी समजूत करून घेऊं नये. पहाटेच्या गाडीनें दादरच्या बाजारांत फुलें किंवा भाजी नेऊन विकणारी मुलगी भाव ठरविणें, हिशेब ठेवणें आणि वेळ पाळणें या तिन्ही गोष्टी शिकलेली असते. आमच्या मुलांना घरांत सामवेदी किंवा वाडवळी, शाळेंत मराठी, गाडींत हिंदी आणि कॉलेजांत इंग्रजी बोलावी लागते. असें असून पुष्कळजण कागदावर एक इंग्रजीच लिहितात. जी भाषा येते ती लिहावी, आणि ती नुसती बोलतां येते कीं लिहितां-वाचतांहि येते, हें स्पष्ट करावें.

आमच्या समाजांत नांवाची एक खास अडचण आहे. लोपीस हें आडनांव रोमन लिपींत लिहितांना शेवटीं एस घालावा कीं झेड, याविषयीं एकाच घरांतील दोन भावांचे दाखले जुळत नाहींत. डिमेलो कोणी सलग लिहितो, कोणी पहिल्या अक्षरापुढें चिन्ह देतो. स्नानसंस्काराच्या दाखल्यावर एक नांव, शाळेच्या दाखल्यावर दुसरें, आधार कार्डावर तिसरें, अशी स्थिति झाली म्हणजे ऐन नेमणुकीच्या वेळीं काम अडतें. म्हणून शाळेंत असतांनाच सर्व कागदांवरील नांव ताडून पाहावें. शाळा सोडण्यापूर्वीं दुरुस्ती सुलभ असते. पुढें नांव बदलावयाचें झाल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रांत तें प्रसिद्ध करून घ्यावें लागतें. गुणपत्रकांसाठीं २०१५ सालीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या डिजिलॉकरचा उपयोग करावा. मूळ कागद पावसाळ्यांत भिजला, तरी त्याची प्रत तेथें मिळते.

वही आणि परिचयपत्रक या दोन वस्तु निराळ्या आहेत, हें ध्यानांत धरावें. वहींत सर्व कांहीं असतें. परिचयपत्रकांत त्या त्या जागेस उपयोगी तेवढेंच निवडून घ्यावयाचें असतें. इटलीचा विख्यात चित्रकार लिओनार्दो दा विंची यानें १४८२ च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा यास लिहिलेलें पत्र या बाबतींत पाहण्यासारखें आहे. मिलानला त्या काळीं युद्धाची चिंता होती. म्हणून लिओनार्दोनें आरंभीं पूल, तोफा, वेढा इत्यादि युद्धोपयोगी विद्येचीं कलमें घातलीं, आणि ज्या चित्रकलेमुळें आज जग त्याला ओळखतें तिचा उल्लेख अगदीं शेवटीं केला. वाचणारास काय हवें आहे तें आधीं, हाच नियम आपण पाळावा. शिक्षण आणि काम लिहितांना सर्वांत अलीकडचें वर यावें. दहा वर्षें नोकरी केलेल्या गृहस्थानें पांचवींतील धांवण्याच्या शर्यतीचें बक्षीस खुशाल गाळावें. मोठ्या कंपन्यांतून हल्लीं असे अर्ज प्रथम संगणक चाळतो. त्यासाठीं चौकटी, चित्रें व नक्षीची अक्षरें टाळून साधीं शीर्षकें आणि सरळ ओळी ठेवाव्या. जुना दूरध्वनिक्रमांक तसाच राहिल्यामुळें मुलाखतीचें बोलावणें हुकल्याचीं उदाहरणें आम्हांस ठाऊक आहेत. म्हणून कागद पाठविण्यापूर्वीं तो एकदां अवश्य तपासावा.

लिओनार्दोच्या त्या पत्राचा जो मसुदा आज उपलब्ध आहे, तो त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरांत नाहीं, असें अभ्यासक मानतात. मजकूर त्याचा, हात दुसऱ्याचा. तेव्हां परिचयपत्रक लिहितांना जाणत्याची मदत घेण्यांत कमीपणा कांहीं नाहीं. आपल्या मुंबईंतहि ही रीत जुनी आहे. १९१३ सालीं पुऱ्या झालेल्या जनरल पोस्ट ऑफिसच्या इमारतीजवळ एके काळीं पत्रलेखकांची रांग बसत असे. लिहितां न येणारा मजूर त्यांच्यापुढें बसून आपला निरोप सांगे आणि लेखक तो कागदावर उतरवी. पत्र घडविणारा तो होता. परंतु घरची खबर, पाठविलेले पैसे आणि आईची विचारपूस हीं सर्व मजुराचीं असत. चांगल्या मदतनीसाची खूण आजहि हीच आहे. तो प्रथम तुम्हांस प्रश्न विचारतो.

व्यावसायिक लेखक मोबदला घेऊन काय करूं शकतो? तो पसारा कमी करतो, क्रम लावतो, भाषा शुद्ध करतो आणि त्या धंद्यांतील लोक काय पाहतात तें सांगतो. जो तुमच्याशीं अर्धा तासहि न बोलतां कागद तयार करून देतो, तो आमच्यासारखाच नमुना विकतो, असें समजावें. त्याच्याशीं व्यवहार करण्यापूर्वीं मोबदला किती, तो मसुदा किती वेळां सुधारून देईल, आणि पुढें आपल्याला बदल करतां येईल अशी प्रत देईल कीं नुसती पीडीएफ, हें विचारून घ्यावें. बदल करतां येत नसलेला कागद वर्षभरांत शिळा होतो. परिचयपत्रकाबरोबर नोकरीचीहि हमी देणारापासून दूर राहावें. परदेशच्या नोकरीचें नांव निघाल्यास १९८३ च्या कायद्याखालीं त्या दलालाची नोंदणी आहे कीं नाहीं, हें सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहावें. शिवाय पैसे खर्च करण्यापूर्वीं विनामूल्य दारें ठोठवावीं: आपले शिक्षक, त्या धंद्यांतील कोणी वडीलधारे गृहस्थ, कॉलेजांतील नोकरी-मार्गदर्शन विभाग. राज्य शासनाच्या महास्वयम् व केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या संकेतस्थळांवर नांव नोंदविण्यास पैसे पडत नाहींत.

एक गोष्ट मात्र कोणत्याहि मदतनीसाकडून घेऊं नये, ती म्हणजे असत्य. न शिकलेली संगणकविद्या, न केलेली नोकरी, वाढविलेले महिने, हीं सर्व सुबक इंग्रजींत लिहून मिळतात. लेखक आपले पैसे घेऊन जातो. मुलाखतीच्या खुर्चींत एकटे तुम्ही असतां. खोटी साक्ष देऊं नये, ही आठवी आज्ञा आपण लहानपणापासून पाठ म्हणतों; ती शेजाऱ्याविषयीं आहे तशी स्वतःविषयींहि आहे. खालीं सही तुमची असते, म्हणून समजत नाहीं असा एकहि शब्द आपल्या कागदावर राहूं देऊं नये.

तो पंपाचा विद्यार्थी पुढच्या वर्षीं पुन्हां आमच्याकडे आला. या वेळीं त्यानें स्वतः लिहिलेलीं दोन पानें आणलीं होतीं. इंग्रजी कच्चें होतें. पण कोणत्या बनावटीचे पंप उघडले, काय बिघडलें होतें, काय बदललें, हें सर्व त्यांत होतें. आम्हीं शुद्धलेखन सुधारलें, दोन पानांचें एक केलें, आणि दुसरें कांहीं केलें नाहीं. पुढें एका ठिकाणीं त्याला बोलावणें आलें; तेथें पहिला प्रश्न पंपाचाच निघाला, आणि त्यावरच पाऊण तास बोलणें झालें.

विद्यार्थिमित्रांनो, नाताळची सुटी तुम्हां सर्वांस मिळते. दर वर्षीं त्या सुटींतील एक सकाळ या वहीसाठीं राखून ठेवा. त्या वर्षीं नवें काय शिकलांत तें लिहा, पत्ता आणि क्रमांक तपासा, निरुपयोगी झालें तें परिचयपत्रकांतून काढा, आणि नवी प्रत तारीख घालून ठेवा. एखाद्या वर्षीं लिहावयास कांहींच सांपडलें नाहीं, तर पुढील वर्षीं काय शिकावयाचें, तें त्याच पानावर लिहून ठेवा.