माळावर पोचलेला ठोकळा

वाशिम जिल्हा बसला आहे तो पाणलोटाच्या माथ्यावर. अजिंठ्याच्या डोंगररांगा पूर्वेकडे उतरत येतात, त्यांच्या या टोकावर पडलेला पाऊस एका अंगाने काटेपूर्णेतून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळतो, दुसऱ्या अंगाने पैनगंगा, अडाण, अरुणावती यांच्यातून गोदावरीच्या खोऱ्यात जातो. पाऊस इथे पडतो, पण थांबत नाही. नदीकाठच्या वावरात खोल काळी माती, आणि तिथून थोडे वर चढले की माळावर वीतभर खणताच मुरूम लागतो. गावाची ई-क्लास (गुरचरणाची सरकारी) जमीन, कुणाच्या वाट्याला आलेले बरड, पाझर तलावाच्या वरची उताराची पट्टी, या जागा अशाच. तिथे वीज नाही, विहीर नाही, पांदण रस्ताही अर्ध्यात संपतो. काही लावायचे तर रोप, खत, माती, पाणी सगळे डोक्यावरून न्यायचे. झाड जगले की मेले याची चर्चा आपण करतो. ते तिथवर कशात बसून गेले आणि त्यासाठी कुणी किती ओझे वाहिले, याची करत नाही. मागच्या पाव शतकात या ओझ्याचा हिशेब बदलला तो नारळाच्या भुशाच्या दाबलेल्या ठोकळ्याने, आणि तोही अर्धाच बदलला.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. तेव्हा मिरची, वांगी, टोमॅटोचे रोप म्हणजे गादीवाफ्यावरचे रोप. वाफ्यात बी दाट पडायचे, ओल जास्त झाली की मर लागायची, उरलेली रोपे उपटून ओल्या पोत्यात गुंडाळून वावरात न्यायची. उपटताना पांढरी मुळी तुटायची. लावल्यावर चार-आठ दिवस रोप मान टाकून राहायचे आणि मग नांगे भरायचे काम सुरू व्हायचे. गावाजवळच्या ओलिताच्या वावरात हे निभायचे. दूरच्या तुकड्यात नांगे भरायला पुन्हा कोण जाणार? झाडांचे रोप काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत असायचे, पोयटा, वाळू आणि शेणखताच्या मिश्रणात. पिशवी जितकी मोठी तितके रोप दणकट, आणि तितकेच जड. माळावर लहान रोपे जाण्यामागे निष्काळजीपणा नेहमीच नसायचा; अनेकदा कारण नुसते वजनाचे असायचे.

नारळाचा भुसा या प्रदेशात कधीच नव्हता. वाशिमच्या बाजारात, बालाजीच्या देवळापुढे किंवा पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत नारळ येतो तो सोललेला. सोडण किनाऱ्याकडेच राहते. तिकडेही हा भुसा बराच काळ कचराच होता. सोडणातून काथ्याचा धागा काढला की धाग्याच्या जवळपास दुप्पट वजनाचा भुसा उरतो. त्यात लिग्निन भरपूर, त्यामुळे तो सहजी कुजत नाही. केरळ आणि तामिळनाडूत त्याचे ढिगारे रस्त्याकडेला वर्षानुवर्षे पडून असत. १९५३ च्या काथ्या उद्योग कायद्यानंतर कॉयर बोर्ड आले, आलप्पुळाजवळच्या कलवूरला संशोधन संस्था उभी राहिली, आणि अळिंबीवर्गीय बुरशी वापरून हा भुसा कुजवण्याची पद्धत रुळली. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या माळ्यांनी हा भुसा कुंड्यांत वापरून पाहिला होता, मग तो विसरला गेला. १९८०च्या दशकात युरोपातल्या हरितगृहांना दलदलीतल्या पीटला पर्याय हवा झाला तेव्हा जगाला त्याची आठवण झाली. जहाजातून हवा वाहून नेणे परवडत नाही, म्हणून तो वाळवून, चाळून, यंत्राखाली दाबला जाऊ लागला. तामिळनाडूतले पोल्लाची हे त्याचे मोठे केंद्र झाले.

या दाबण्यातच सगळी किमया आहे. पाच किलोचा ठोकळा साधारण तीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि बारा सेंटिमीटर जाड, म्हणजे अकरा लिटरच्या जागेत मावणारा. त्यात वीस-पंचवीस लिटर पाणी मुरले की तो फुलून सत्तर लिटरच्या आसपास होतो. तेवढीच माती न्यायची तर ऐंशी किलोच्या पुढे ओझे. सुका भुसा स्वतःच्या वजनाच्या सहा ते आठ पट पाणी धरतो, आणि तरी त्यात हवा खेळती राहते. काळ्या मातीत हे दोन्ही एकत्र मिळणे कठीण. ती पाणी धरते तेव्हा हवा सोडते.

महाराष्ट्रात हे कोकोपीट, म्हणजे हाच भुसा, आधी पोचले ते पैसा खेळत असलेल्या शेतीत: तळेगावचे गुलाब, नारायणगाव पट्ट्यातल्या टोमॅटोच्या रोपवाटिका, हरितगृहातला जरबेरा. वऱ्हाडात ते आले प्रो-ट्रेमधून, म्हणजे रोपांसाठीच्या कप्प्यांच्या ट्रेमधून. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ट्रेमधल्या रोपांची पद्धत बारकाईने बसवून दिली, पुढे 'अर्का' नावाने आंबवलेले कोकोपीटही काढले. ९८ कप्प्यांच्या एका ट्रेला सव्वा किलोच्या आसपास कोकोपीट लागते. एका कप्प्यात एक बी, वर भुशाचा पातळ थर, ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकायचे, उगवण दिसली की शेडनेटमध्ये मांडायचे. टोमॅटो पंचवीस दिवसांत, मिरची पस्तीस-चाळीस दिवसांत निघते. रोप उचलले की मुळ्यांचा गड्डा अखंड हातात येतो, मुळी तुटत नाही. उन्हात लावले तरी ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभे असते. नांगे भरण्याची पाळीच कमी झाली, आणि माझ्या मते दूरच्या वावरासाठी ही सगळ्यात मोठी गोष्ट. दोन हातांत दोन ट्रे म्हणजे जवळपास दोनशे रोपे, आणि चालणाऱ्याला ओझे जाणवतही नाही.

याला सरकारी योजनांचा हात लागला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशिम होते, आणि त्यातून शेडनेटला मदत मिळू लागली. २०२०-२१ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आली. एक हजार चौरस मीटरचे शेडनेट, टनेल, क्रेट, फवारणी पंप असा ४ लाख ६० हजारांचा खर्च धरून त्याच्या निम्मे अनुदान, आणि निवडीत कृषी शिकलेल्या महिलांना पहिला मान. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. ट्रे भरणे, बी टोचणे, सकाळ-संध्याकाळ झारी फिरवणे ही कामे बाया आधीपासून करत होत्याच. आता रोपवाटिकेच्या कागदावर त्यांचे नाव येण्याची सोय झाली. हळदीतही हाच भुसा शिरला. रिसोड-वाशिमची हळद म्हणजे एकरी क्विंटलांनी बेणे. कोळिकोडच्या मसाला पिके संशोधन संस्थेने एका डोळ्याचा तुकडा ट्रेमध्ये रुजवून रोप लावण्याची रीत दाखवली. तिने बेण्याची मोठी बचत होते, आणि किडके, सडके बेणे आधीच बाजूला पडते.

ट्रेमध्ये ठोकळा जिंकला. माळावरच्या खड्ड्यात मात्र गोष्ट वेगळी झाली.

२०१६ ते २०१९ या काळात राज्यभर वृक्षलागवडीच्या मोहिमा झाल्या. पहिल्या वर्षी १ जुलैला दोन कोटींचे लक्ष्य होते, शेवटच्या वर्षी तेहतीस कोटींचे. खड्डे झाले, रोपे लागली, आणि खड्ड्यात कोकोपीट घातले की महिनाभर पाणी नको, अशी समजूतही त्या सुमारास कानावर येऊ लागली. ती खरी नाही. भुसा पाणी धरतो, निर्माण करत नाही. मुरमाच्या खड्ड्यात नुसता भुसा भरला तर पावसाळ्यात रोप जोमात दिसते, कारण मुळ्यांना मऊ, ओले घर मिळालेले असते. त्या घराबाहेर पडायची गरज मुळ्यांना वाटत नाही. जानेवारीनंतर भुसा सुकतो, आक्रसतो, खड्ड्याच्या कडेपासून सुटतो, आणि कडेच्या मुरमात एकही मुळी गेलेली नसते. काळ्या जमिनीत उलटा प्रकार: भोवतालची माती पाणी सोडत नाही, भुशाचा खड्डा विहिरीसारखा भरतो आणि मूळ कुजते. शिवाय भुशात अन्न जवळजवळ नाही. कच्चा असेल तर कुजताना तो उलट नत्रच ओढून घेतो आणि पाने पिवळी पडतात.

मग करायचे काय? खड्ड्यातल्या मिश्रणात भुशाचा वाटा तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी, बाकी तिथलीच माती आणि कुजलेले शेणखत. खड्ड्याच्या भिंती सबलीने खरवडून खडबडीत केल्या तर मुळी बाहेर शिरते. ठोकळे कोरडेच न्यायचे आणि मृगाच्या पहिल्या चांगल्या सरीत उघड्या ड्रममध्ये फुलू द्यायचे. त्यासाठी खालून पाणी वाहण्यात अर्थ नाही. रोपाभोवती सोयाबीनच्या कुटाराचे जाड आच्छादन हवे. ते गावात फुकटच्या भावाने मिळते आणि उन्हाळ्यात भुशाइतकेच, किंबहुना जास्त, कामाला येते. त्यावर काटेरी फांद्या टाकाव्या लागतात, कारण ओला हिरवा कोंब दिसला की रोही तिथवर येतोच.

ठोकळा घेताना ईसी, म्हणजे क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता, विचारायलाच हवा. समुद्राकाठच्या सोडणात, किंवा खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या सोडणात, सोडियम आणि पोटॅशची क्षारता असते. धुतलेल्या भुशाचा ईसी ०.५ च्या आत असतो. न धुतलेल्याचा एकच्या वर, आणि मिरचीचे कोवळे रोप तिथे करपते. कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून निथळले की सोडियम सुटतो. पण हे धुणे कुठेतरी होतेच. पोल्लाची भागात धुण्याचे तपकिरी पाणी विहिरींत उतरू लागले, आणि २०२१ मध्ये तामिळनाडूच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने हे कारखाने निरुपद्रवी गटातून काढून नारिंगी गटात टाकले. आपल्या माळावर पाणी वाचावे म्हणून हजार किलोमीटरपलीकडच्या गावाचे पाणी खराब होत असेल, तर जिथे भुशावाचून अडते तिथेच तो वापरावा: ट्रेमध्ये, आणि दूर न्यायच्या रोपाच्या गड्ड्यात. खड्डे भरायला आपले शेणखत, गांडूळखत, कुटार आहे. पुरेसे आहे, फक्त गोळा करावे लागते.

हलक्या ओझ्याने माणूस माळावर पोचतो. दुसऱ्या उन्हाळ्यात तो पुन्हा जाईल याची हमी ठोकळा देत नाही. ती हमी मजुरीत असते. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते, आणि पुढचा हप्ता जिवंत झाडे मोजून: दुसऱ्या वर्षी ८० टक्के, तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे उभी हवीत. हाच नियम ई-क्लासवरच्या प्रत्येक सार्वजनिक लागवडीला लागू करावा, आणि अंदाजपत्रकात रोप, खड्डा, कोकोपीट यांच्या ओळींखाली फेब्रुवारी ते जूनपर्यंत पाणी वाहणाऱ्या माणसाच्या रोजाची ओळ पहिल्या दोन वर्षांसाठी आधीच लिहावी.