कॅनीची लढाई : रणांगणावरील विजय आणि युद्धातील पराभव

प्रस्तावना :
दुसऱ्या प्यूनिक युद्धात (इ.स.पू. २१८ ते २०१) कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने इ.स.पू. २१६ मध्ये दक्षिण इटलीतील कॅनी येथे, ऑफिडस नदीकाठी, रोमन सैन्याचा जवळजवळ संपूर्ण संहार केला. तरीही युद्ध अखेर रोमनेच जिंकले. या विसंगतीची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लढाईचे स्वरूप :
पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराच्या मते रोमचे पायदळ सुमारे ८०,००० व घोडदळ ६,००० हून अधिक होते. हॅनिबलकडे सुमारे ४०,००० पायदळ व १०,००० घोडदळ होते. कॉन्सल व्हॅरो याने पायदळाची अरुंद व खोल रचना केली. हॅनिबलने मध्यभागी गॉल व स्पॅनिश सैनिक पुढे आलेल्या कमानीप्रमाणे उभे केले आणि त्यांच्या दोन्ही बगलांना आफ्रिकी पायदळ ठेवले. मध्यभाग हळूहळू मागे हटला, तसे रोमन सैनिक आत ओढले गेले. आफ्रिकी तुकड्या दोन्ही बाजूंनी वळल्या आणि रोमन घोडदळाचा पराभव करून आलेल्या घोडदळाने पिछाडीवर हल्ला चढविला. दाटीमुळे शस्त्र चालविणेही कठीण झाले. संख्याबळ हीच दुर्बलता ठरली. रोमन मृतांची संख्या पॉलिबियस सुमारे ७०,०००, तर लिव्ही सुमारे ४८,००० देतो.

विजय निष्फळ का ठरला?
कॅनीनंतर कापुआसह दक्षिणेतील अनेक मित्रराज्ये हॅनिबलला मिळाली. परंतु लॅटिन वसाहती व मध्य इटली रोमशी एकनिष्ठ राहिली. रोमने तहाची बोलणी नाकारली, सुमारे ८,००० गुलामांनाही सैन्यात घेतले आणि फेबियसच्या धोरणानुसार हॅनिबलशी समोरासमोरचा निर्णायक संघर्ष टाळला. इ.स.पू. २११ मध्ये कापुआ परत घेण्यात आले. इ.स.पू. २०२ मध्ये झामा येथे सिपिओने हॅनिबलला पराभूत केले. त्या वेळी मॅसिनिसाचे न्युमिडियन घोडदळ रोमच्या बाजूने होते.

निष्कर्ष :
हॅनिबलने सैन्याचा पराभव केला. सैन्य पुन्हा उभे करणारी राज्यव्यवस्था मात्र त्याला मोडता आली नाही. म्हणून वर्गात कॅनी शिकविताना व्यूहरचनेच्या आकृतीसोबत रोमच्या मित्रसंघाचा नकाशाही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा एका सेनापतीची प्रतिभा तेवढी लक्षात राहते आणि युद्धाचा निकाल अनाकलनीय ठरतो.