‘पार्ट मिळतील का याला?’

२०२५ची दिवाळी. पोलादपुरातले महामार्गालगतचे एक घर. फराळाच्या ताटांच्या बाजूला, टॉवेलात गुंडाळून मुंबईहून एस.टी.ने आलेली विटेपेक्षा लांब अशी एक जड वस्तू ठेवलेली. घरातले सगळे तिच्याभोवती. आजींना तो रेडिओ वाटला. ते होते संगणकाचे ग्राफिक्स कार्ड.

घरातला मुलगा बारावी झालेला. ‘ब्लेंडर’ या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर तो घरबसल्या त्रिमिती चित्रे करायला शिकतो आहे. त्याच धंद्यात पुढे जायचा त्याचा विचार आहे. खेळही खेळायचे होतेच. ते त्याने लपवले नाही. मुंबईच्या चुलतभावाने स्वतःसाठी नवे कार्ड घेतले आणि जुने धाकट्याला देऊ केले, दहा हजारांत.

“बाबा, नवं घ्यायचं तर याच्या तिप्पट लागतील,” मुलगा म्हणाला. “आणि दादाचं कार्ड त्या काळातलं सगळ्यात मोठं होतं.”

वडिलांचे ट्रक-टेम्पो दुरुस्तीचे गॅरेज. ते काही बोलले नाहीत. कार्ड हातात घेऊन त्यांनी वजन तेवढे पाहिले.

मोठे घराणे पण उतारवय, की साधे घराणे पण ऐन तारुण्य? सोयरिकीत पडणारा हा प्रश्न आता संगणकाच्या बाबतीतही घरोघरी पडू लागला आहे. आधी या कार्डाचे काम काय, ते पाहू. संगणकाच्या साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. चित्र हलते दिसायचे तर सेकंदाला साठ वेळा ते नव्याने रंगवावे लागतात. म्हणजे सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवायचा. मुख्य प्रोसेसर एकटा हे करू गेला तर त्याची दमछाक होते. म्हणून हजारो लहान गणकांची फौज एका कार्डावर बसवतात. प्रत्येकाचे काम छोटे, पण सगळे एकाच वेळी राबणारे.

भावाचे कार्ड होते एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०८० टीआय. मार्च २०१७मध्ये ते ६९९ डॉलरना बाजारात आले, तेव्हा घरगुती खेळांच्या कार्डांत त्याचा दरारा होता. मुलाच्या मनात असलेले नवे कार्ड म्हणजे त्याच कंपनीचे आरटीएक्स ५०६०. मे २०२५मध्ये २९९ डॉलर किमतीला आलेले, मधल्या-खालच्या फळीतले.

गंमत अशी, की कागदावर जुने कार्ड अजूनही दबत नाही. त्याची मेमरी ११ जीबी, नव्याची ८. मेमरीतून माहिती ये-जा करण्याचा वेग जुन्याचा सेकंदाला ४८४ जीबी, नव्याचा ४४८. प्रत्यक्ष खेळात नवे पुढे जाते हे खरे. पण आठ वर्षांचे अंतर पाहता फार मोठी मजल मारली असे म्हणवत नाही. शिवाय नवे कार्ड मदरबोर्डाशी आठच मार्गिकांनी बोलते, जुने सोळा. संगणक जुन्या पिढीचा असेल, तर तिथेही नव्याला थोडी ठेच लागते. ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्याच्या हाती बळ देणारे हे आकडे आहेत.

मग पारडे फिरते कुठे? पहिले म्हणजे प्रकाश. खऱ्या जगात किरण जसा भिंतीवर आपटून परततो, तसा त्याचा माग काढत चित्र रंगवायच्या पद्धतीला ‘रे ट्रेसिंग’ म्हणतात. त्यासाठी वेगळे गणक कार्डावर बसवायला या कंपनीने २०१८पासून सुरुवात केली. १०८० टीआय त्याच्या एक वर्ष आधीचे. त्यात ते नाहीत. डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या इंडियाना जोन्सच्या खेळाला हे गणक असलेच पाहिजेत अशी अट होती. खेळाचे सोडा, हा मुलगा शिकतो आहे त्या ब्लेंडरमध्येही अंतिम चित्र याच किरणांच्या हिशेबाने तयार होते आणि तिथे नव्या गणकांमुळे बराच वेळ वाचतो. मात्र एखादा देखावा आठ जीबीत मावलाच नाही, तर ही घाई कामाला येत नाही, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट विजेची. आणि ती पोलादपुरात मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाची. जुने कार्ड भरात असताना २५० वॅट खाते, नवे १४५. रोज चार तास पूर्ण जोरात काम धरले, तर वर्षाला सुमारे दीडशे युनिटचा फरक पडतो. युनिटला दहा रुपये धरा, दीड हजार झाले. पण खरा प्रश्न बिलाचा नाही. सावित्रीच्या खोऱ्यात पावसाळ्यात वीज कधी डोळा मिचकावील याचा नेम नसतो. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. जुने कार्ड, प्रोसेसर आणि पडदा मिळून भार चारशेच्या घरात जातो. म्हणजे वीज जाताच यूपीएस मान टाकणार आणि तासाभराचे काम वाहून जाणार. नव्या कार्डाबरोबर तोच यूपीएस निदान काम जतन करण्यापुरती उसंत देतो.

मुलाने पेटी उघडली. जुन्या कार्डाला विजेच्या दोन जोडण्या लागतात. त्याच्या ५५० वॅटच्या पॉवर सप्लायला एकच होती. तो बदलायचा तर आणखी चार-पाच हजार. तीन वर्षांची जादा वीज धरली, तर दहा हजारांचे कार्ड वीस हजारांजवळ गेले. वर बिल नाही, वॉरंटी नाही.

इतका वेळ गप्प असलेल्या वडिलांनी तेव्हा विचारले, “पार्ट मिळतील का याला?”

मुलगा हसला. “बाबा, हे काय ट्रकचं इंजिन आहे?”

पण नेमका प्रश्न तोच होता. कार्डाचा ‘पार्ट’ म्हणजे ड्रायव्हर, अर्थात कंपनी वेळोवेळी पाठवते ती सूचनांची प्रणाली. तिच्याशिवाय नवे खेळ आणि नव्या प्रणाली कार्डाला ओळखत नाहीत. १०८० टीआयच्या पिढीला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणे कंपनीने नेमके ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवले. यापुढे ऑक्टोबर २०२८पर्यंत तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. म्हणजे इंजिन ठणठणीत, पण त्याचे सामान यायचे बंद झालेले. आंबेनळी घाट कालपर्यंत झपाट्याने चढलेली अशी एक गाडी त्यांच्या गॅरेजात दोन महिने उभी होती. तिचे दुखणे त्यांना पाठ होते.

म्हणून जुने कार्ड कुणीच घेऊ नये असे नाही. पॉवर सप्लाय दणकट आहे, खेळायचे खेळ २०२० आधीचे आहेत आणि कार्ड घरातल्याच माणसाकडून मिळते आहे, त्याने खुशाल घ्यावे. अनोळखी माणसाकडून, किंवा लॅमिंग्टन रोडवरून जुने घेणाऱ्याने मात्र डोळे उघडे ठेवावेत. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते ‘खणण्यासाठी’ रात्रंदिवस जुंपलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. वरून पुसलेले कार्ड आतून किती राबले ते दिसत नाही. अर्धा तास पूर्ण जोरात चालवून दाखवायला सांगावे. पंख्याचा आवाज, तापमान आणि पडद्यावर उमटणारे भलते ठिपके पाहावेत. बैलाचे दात पाहिल्याशिवाय आपण कधी दावे हातात घेत नव्हतो.

त्या घरात नवे कार्ड आले. निम्मे पैसे वडिलांनी दिले. निम्मे मुलाने सुट्टीभर गॅरेजात हात काळे करून फेडायचे ठरले. जुने कार्ड पुन्हा टॉवेलात गुंडाळून मुंबईला गेले. तिथे भावाच्या एका मित्राकडे दणकट पॉवर सप्लाय होता आणि जुन्या खेळांची हौसही.

“जोर बघून गाडी घेणारे पुष्कळ येतात,” निघताना वडील मला म्हणाले. “चार वर्षांनी ती रस्त्यावर असेल का, हे विचारणारा एखादाच.”