मस्तकातील रक्तस्राव आणि हृदयाची गती

काही वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतील आमच्या चिकित्सालयात पन्नाशीच्या एका भगिनीस त्यांचे चिरंजीव रिक्षातून घेऊन आले. देवपूजा करीत असता एकाएकी डोके फुटेल अशी वेदना, पाठोपाठ दोन उलट्या. नाडी विषम, मध्येच ठोका चुकणारी. ईसीजी काढला, तर टी-तरंग खोल उलटे व क्यूटी अंतर लांबलेले. आमच्या मनात प्रथम हृद्रोगच आला. ॲस्पिरिनची गोळी हाती घेतलीही होती. "छातीत दुखते का?" असे विचारता त्या डोक्याकडेच बोट दाखवीत राहिल्या. मान वाकवून पाहिली, ती ताठ होती. गोळी परत ठेवली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणांमधील रक्तस्राव निघाला. ती गोळी पोटात गेली असती तर, हा विचार आजही आम्हांस अस्वस्थ करतो.

मेंदूच्या धमनीवरील फुगा फुटताच नॉरॲड्रिनॅलिनचा लोंढा हृदयाच्या स्नायूवर आदळतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही स्नायू काही काळ दुर्बल होतो, ट्रोपोनिन वाढते, गती बिघडते. अशा रुग्णांतील ईसीजीचे बदल अमेरिकेत बर्च व सहकाऱ्यांनी १९५४ साली वर्णिले. चरकाचार्यांनी शिर, हृदय व बस्ति यांना त्रिमर्मांत एकत्र गणले आहे. तथापि हा विकार ग्रंथात आधीच सांगितलेला आहे, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो.

औषधविक्रेत्या बंधूंसही येथे सांगणे आहे. उलटीसाठी सहज दिली जाणारी ऑन्डॅनसेट्रॉन व डॉम्पेरिडोन ही औषधे क्यूटी अंतर वाढवितात. आपल्या कपाटातील त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ आहे, आणि वत्सनाभाची मात्रा चुकली वा शोधन नीट झाले नसले तर तो स्वतःच हृदयाची गती बिघडवितो. या रक्तस्रावात पुढे ज्वरही येतो. डोकेदुखी, अंग गरम, म्हणून त्रिभुवनकीर्तीची पुडी बांधून देणारे आपल्यात थोडे नाहीत.

महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेत आपले अनेक बीएएमएस बंधुभगिनी काम करीत आले आहेत. ईसीजीची पट्टी हाती येण्यापूर्वी वेदना प्रथम कोठे व किती वेगाने उठली, हे त्यांनी विचारावेच. क्षणार्धात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी असेल तर सीटी स्कॅन होईपर्यंत ॲस्पिरिन वा रक्त पातळ करणारे कोणतेही औषध देऊ नये. रुग्णास सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे, आणि सोबतच्या चिठ्ठीवर वेदनेची वेळ, नाडी व तोवर दिलेले प्रत्येक औषध, आपली पुडीसुद्धा, स्पष्ट अक्षरांत लिहावे.