ईसीएम गेला, असं ठरवण्याआधी

गाडी सुरू होत नाही, स्कॅनरवर ‘यू०१००’ हा कोड दिसतो आणि गॅरेजमध्ये निकाल लागतो: ईसीएम, म्हणजे इंजिनाचं नियंत्रण करणारा कॉम्प्युटर, उडाला, नवीन टाकावा लागेल. हा निकाल घाईचा असतो. कारण हा कोड बहुधा ईसीएमने स्वतः नोंदवलेलाच नसतो. ब्रेकचं एबीएस किंवा आतल्या दिव्यांचं, कुलपांचं नियंत्रण करणारं मोड्यूल तो नोंदवतं आणि त्याचा अर्थ एवढाच, की ‘इंजिनाच्या ईसीएमकडून मला निरोप येत नाही.’ निरोप का येत नाही, हे त्या मोड्यूलला ठाऊक नसतं. ईसीएम बिघडला असेल, त्याचा फ्यूज गेला असेल, अर्थिंग गंजलं असेल किंवा मधली वायर उंदराने कुरतडली असेल. कोड तोच येतो.

हे निरोप वाहून नेणारी, बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेली ‘कॅन’ ही व्यवस्था आज बहुतेक गाड्यांत असते. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींवर सगळी मोड्यूल्स बोलतात. या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. म्हणून बॅटरी काढून, बऱ्याच गाड्यांत, डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवर मल्टिमीटर लावला तर ६० ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एका बाजूचा रेझिस्टर किंवा वायर तुटलेली; शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटलेल्या. अशा वेळी एकेक मोड्यूलचा कनेक्टर काढत गेलं, की लाइन कोणामुळे बसली होती ते उघड होतं. पण ६० आला म्हणून सुटलो, असंही नाही. ईसीएमकडे जाणारा फाटा तुटला तरी हा आकडा तसाच राहू शकतो. म्हणून पुढे ईसीएमच्या कनेक्टरवर सप्लाय आणि अर्थ तपासावा, तोही २१ वॅटचा बल्ब जोडून. वायर गंजून जेमतेम जोडलेली असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब मात्र मिणमिणतो आणि दोष पकडला जातो.

यावर मेकॅनिक म्हणतील, एवढा वेळ कोणाकडे आहे? शिवाय ईसीएम खरोखरच जातात, विशेषतः आत पाणी शिरल्यावर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ईसीएम बदलणं हाही जवळचा रस्ता नव्हे. बहुतेक आधुनिक गाड्यांत नवा ईसीएम चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरशी जुळवून, कोडिंग करून घ्यावा लागतो. दुसऱ्या गाडीचा लावून पाहावा, तर इंजिन सुरूच होत नाही. आणि मूळ दोष वायरीत असेल, तर एवढा खर्च करूनही कोड परत येतोच. उलट सप्लाय, अर्थ आणि कॅनच्या वायरी निर्दोष ठरल्या, तरीही ईसीएम गप्प राहिला, तर त्याच्यावरचा आरोप पुराव्यानिशी सिद्ध होतो. ग्राहकानेही म्हणूनच पैसे मोजण्याआधी एवढं विचारावं: ओहम किती आले आणि बल्ब पेटला का?