शिकागो ब्लॅक हॉक्स : १९५३-५४ चा हंगाम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिकागो येथील ‘ब्लॅक हॉक्स’ या व्यावसायिक आइस हॉकी संघाचा नॅशनल हॉकी लीग या स्पर्धेतील एक अत्यंत अपयशी हंगाम. या हंगामात संघाने ७० सामन्यांपैकी केवळ १२ जिंकले, ५१ गमावले व ७ बरोबरीत सोडविले. विजयास २ व बरोबरीस १ या हिशेबाने मिळू शकणाऱ्या १४० गुणांपैकी त्याच्या वाट्यास अवघे ३१ आले आणि सहा संघांच्या क्रमवारीत तो शेवटचा ठरला. तथापि याच संघाचा गोलरक्षक ॲल रॉलिन्स यास त्या वर्षीचा हार्ट करंडक, म्हणजे आपल्या संघास सर्वाधिक मोलाचा ठरलेल्या खेळाडूस दिला जाणारा लीगचा श्रेष्ठ वैयक्तिक सन्मान, प्राप्त झाला. तळाच्या संघातील खेळाडूस हा सन्मान कसा मिळाला आणि इतका समर्थ गोलरक्षक असताना संघ तळाशी का गेला, हे दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत.

भारतीय वाचकास परिचित असलेल्या हॉकीहून हा खेळ बराच वेगळा आहे. सु. ६१ मी. लांब व २६ मी. रुंद अशा बर्फाच्या क्रीडांगणावर, पोलादी पात्यांचे बूट घालून, प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू तो खेळतात. चेंडूऐवजी ‘पक’ नावाची कठीण रबराची चपटी चकती वापरतात. वीस मिनिटांचे तीन डाव होतात. खेळाडू अतिशय वेगाने धावत असल्याने ते वरचेवर बदलले जातात. गोलरक्षक मात्र सर्व वेळ आपल्या जागी असतो. सु. १·८३ मी. रुंद व १·२२ मी. उंच गोलाचे रक्षण त्यास करावयाचे असते. रॉलिन्सच्या काळी तो मुखवटा न घालता उभा राही. लीगच्या सामन्यांत मुखवटा नेमाने वापरण्याची प्रथा माँट्रिऑलच्या झाक प्लांटने १९५९ मध्ये सुरू केली. त्या काळी संघाबरोबर सहसा एकच गोलरक्षक असे.

लीगची स्थापना १९१७ मध्ये कॅनडातील माँट्रिऑल येथे झाली. १९४२ ते १९६७ या काळात तीत माँट्रिऑल, टोराँटो, डिट्रॉइट, बॉस्टन, न्यूयॉर्क व शिकागो असे सहाच संघ होते. १९४९-५० पासून प्रत्येक संघ हंगामात ७० सामने खेळे. म्हणजे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी त्याची चौदा वेळा गाठ पडे. पहिले चार संघ स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेऱ्यांस पात्र ठरत. सहांपैकी चार पात्र ठरत असल्याने त्यांत सतत स्थान न मिळणे ही मोठीच नामुष्की समजली जाई.

शिकागोच्या संघाची स्थापना १९२६ मध्ये फ्रेडरिक मॅक्लॉक्लिन या उद्योजकाने केली. पहिल्या महायुद्धात तो ज्या ‘ब्लॅकहॉक’ सैन्यविभागात होता, त्यावरून त्याने संघाचे नाव ठेवले; त्या विभागाचे नाव मूळचे सॉक जमातीच्या एका प्रमुखाचे. (नावातील दोन शब्द १९८६ पासून एकत्र लिहिले जातात.) १९३४ व १९३८ मध्ये संघाने स्टॅन्ली चषक जिंकला. १९४४ मध्ये मॅक्लॉक्लिन मरण पावला आणि संघाची सूत्रे बिल टोबिन याच्या हाती आली. टोबिन नावापुरता पुढे होता. मागील पैसा व सत्ता डिट्रॉइट संघाचा मालक जेम्स नॉरिस याची होती, असे सामान्यतः मानले जाते. शिकागोचे क्रीडागृहही नॉरिस व त्याचा भागीदार आर्थर वुर्ट्‌झ यांच्याच मालकीचे होते. १९४६ नंतर संघाची घसरण सुरू झाली. १९४६-४७ ते १९५६-५७ या अकरा हंगामांत तो नऊ वेळा शेवटचा आला.

मग १९५३-५४ याच हंगामास अपेक्षाभंगाचा हंगाम का म्हणावयाचे? याचे उत्तर आदल्या वर्षात आहे. १९५२ मध्ये नॉरिसचा मुलगा जेम्स डी. नॉरिस व वुर्ट्‌झ यांनी संघ उघडपणे आपल्याकडे घेतला. डिट्रॉइटचा ख्यातनाम खेळाडू सिड एबल यास खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी नात्याने आणण्यात आले. त्याच वर्षी गोलरक्षक हॅरी लमली यास टोराँटोकडे देऊन त्याच्या बदल्यात रॉलिन्स, बचावपटू गस मॉर्टसन, कॅल गार्डनर आदी खेळाडू मिळविण्यात आले. परिणाम तत्काळ दिसला. १९५२-५३ मध्ये संघाने २७ सामने जिंकून ६९ गुण मिळविले आणि १९४६ नंतर प्रथमच अंतिम फेऱ्यांत प्रवेश केला. टोराँटोचा संघ मात्र त्या वर्षी बाहेर राहिला. उपांत्य फेरीत माँट्रिऑलविरुद्ध सातांपैकी पाच सामन्यांनंतर शिकागो ३–२ असा आघाडीवर होता. सहाव्या सामन्यात माँट्रिऑलने प्लांट या तरुण गोलरक्षकास उतरविले. त्याने एकही गोल होऊ दिला नाही आणि पुढे सातवा सामनाही माँट्रिऑलने जिंकला. चषकाच्या अंतिम लढतीपासून संघ एका विजयाच्या अंतरावर येऊन थांबला होता. शिकागोकरांनी पुढील वर्षाकडून आशा बाळगली, ती या पार्श्वभूमीवर.

प्रत्यक्षात गुणसंख्या ६९ वरून ३१ वर कोसळली. पाचव्या क्रमांकाच्या न्यूयॉर्क संघाचे ६८ गुण झाले. म्हणजे शेवटचा व त्याच्या वरचा यांत ३७ गुणांचे अंतर पडले, तर पहिला डिट्रॉइट (८८) व पाचवा न्यूयॉर्क यांतील अंतर अवघे २० होते. पाच संघांची स्पर्धा एकीकडे व शिकागो दुसरीकडे, अशीच ही स्थिती होती. सत्तर सामन्यांच्या संपूर्ण कालखंडात (१९४९–६७) याहून कमी गुण कोणत्याही संघास मिळाले नाहीत. न्यूयॉर्कचा १९४३-४४ चा हंगाम आकड्यांनी अधिक वाईट होता (५० सामन्यांत ६ विजय). परंतु तेव्हा महायुद्धामुळे खेळाडू सैन्यात गेले होते. शिकागोस अशी कोणतीही सबब नव्हती.

या अपयशाचे स्वरूप गोलांच्या नोंदीवरून कळते. शिकागोने हंगामात १३३ गोल केले, म्हणजे सामन्यास दोनही नाहीत; त्याच्यावर २४२ झाले. माँट्रिऑलने १९५ व डिट्रॉइटने १९१ गोल केले होते. टोराँटोचे स्वतःचे गोलही १५२ च होते, पण त्याच्यावर फक्त १३१ झाले व तो तिसरा आला. दुबळी आघाडी भक्कम बचावाने झाकता येते. शिकागोकडे दोन्ही नव्हते. आघाडीवर बिल मोझिएन्कोसारखा नामांकित खेळाडू होता. २३ मार्च १९५२ रोजी न्यूयॉर्कविरुद्ध २१ सेकंदांत तीन गोल करण्याचा त्याचा विक्रम प्रसिद्धच आहे. परंतु आता त्याची कारकीर्द उतरणीस लागली होती. एबल स्वतः पस्तिशीचा होऊन मैदानापेक्षा बाकावरच अधिक राहिला. बचावात बिल गॅड्‌स्बी हा लीगच्या उत्कृष्ट खेळाडूंत गणला जाई व त्या वर्षीच्या दुसऱ्या तारांकित संघात त्याची निवडही झाली. दोन-तीन चांगले खेळाडू व बाकीचे सामान्य, असा हा संघ होता. आदल्या वर्षीचे यश वयस्क खेळाडूंनी एका हंगामात मिळविलेले होते. ते पुढे चालविण्यास मागून येणारी तरुण पिढी नव्हती.

ती नव्हती याचे कारण त्या काळच्या खेळाडू मिळविण्याच्या पद्धतीत आहे. नवोदितांची सर्व संघांत क्रमाने वाटणी करण्याची पद्धत १९६३ मध्ये सुरू झाली. तत्पूर्वी प्रत्येक व्यावसायिक संघ कॅनडातील कनिष्ठ संघांना आर्थिक आश्रय देई व त्यांतील मुलांना किशोरवयातच कराराने बांधून घेई. करारावर सही करणारा मुलगा पुढे व्यावसायिक झाला, तर त्याच संघाकडे. शिवाय आपल्या शहराभोवतीच्या ५० मैलांतील (सु. ८० किमी.) खेळाडूंवर प्रत्येक संघाचा प्रथम हक्क असे. माँट्रिऑल व टोराँटो यांच्या परिसरात हा खेळ घरोघरी रुजलेला. डिट्रॉइटच्या नदीपलीकडे लगेच कॅनडाच. शिकागोच्या आसपास मात्र या हक्काचा उपयोग जवळजवळ शून्य होता. ही उणीव कनिष्ठ संघांवर खर्च करून भरून काढता आली असती. १९४६ मध्ये माँट्रिऑलला गेलेल्या फ्रँक सेल्की याने तेथे नेमके तेच केले व त्याची फळे १९५० नंतर दिसू लागली. शिकागोच्या चालकांनी त्या वर्षांत जुन्या खेळाडूंची देवघेव करून वेळ मारून नेली.

मालकीचा प्रश्नही येथे दृष्टीआड करता येत नाही. थोरला नॉरिस डिसेंबर १९५२ मध्ये मरण पावल्यावर डिट्रॉइट त्याची मुलगी मार्गरीट हिच्याकडे, तर शिकागो मुलाकडे होते. न्यूयॉर्कच्या क्रीडागृहातही या कुटुंबाचा हितसंबंध होता. या लीगला ‘नॉरिस कुटुंबाची घरगुती लीग’ असे उपहासाने म्हटले जाई, ते यामुळेच. एका कुटुंबाचा पैसा अनेक संघांत गुंतला असता सर्वच संघ सारख्या जिद्दीने चालविले जातील ही अपेक्षा व्यर्थ होय. धाकटा नॉरिस त्या काळी व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या व्यवहारातही गुंतलेला होता. तथापि त्यास निष्काळजी म्हणणे पूर्णतः न्याय्य ठरणार नाही. १९५४ नंतर संघावर पैसा ओतला तोही त्यानेच.

आता रॉलिन्सविषयी. सस्कॅचवान प्रांतात १९२६ मध्ये जन्मलेला हा उंच बांध्याचा गोलरक्षक टोराँटोकडून खेळताना १९५१ चा वेझिना करंडक व स्टॅन्ली चषक यांचा मानकरी ठरला होता. १९५३-५४ मध्ये तो शिकागोकडून ६६ सामने खेळला. त्यांत १२ विजय, ४७ पराभव व ७ बरोबरी. म्हणजे संघाने मिळविलेला प्रत्येक गुण तो गोलात असताना मिळाला. या ६६ सामन्यांत त्याच्यावर २१३ गोल झाले (सरासरी ३·२३) आणि पाच सामन्यांत त्याने प्रतिपक्षास एकही गोल करू दिला नाही. उरलेल्या चार सामन्यांत बदली गोलरक्षक होते. ते चारही सामने संघाने गमावले व त्यांत २९ गोल झाले, म्हणजे सामन्यास सातांहून अधिक. चार सामन्यांवरून निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे, हे मान्य केले तरी या दोन सरासरींतील तफावत बोलकी आहे.

दुसरा पुरावा लमलीचा. तो शिकागोकडे असताना १९५०-५१ च्या हंगामात संघावर २८० गोल झाले होते. तोच लमली १९५३-५४ मध्ये टोराँटोच्या बचावामागे उभा राहिला, तेव्हा त्याने १३ सामने निरंक ठेवले व वेझिना करंडक जिंकला. त्या काळी हा करंडक ज्या संघावर सर्वांत कमी गोल होत त्याच्या गोलरक्षकास दिला जाई. टोराँटोवर १३१ व डिट्रॉइटवर १३२ झाल्याने तो एका गोलाच्या फरकाने लमलीकडे गेला. गोलरक्षकाचे आकडे त्याच्या एकट्याचे नसतात, समोरच्या पाचांचेही असतात, हे यावरून उघड होते. शिकागोच्या गोलरक्षकास तो करंडक मिळणे नियमानेच अशक्य होते.

हार्ट करंडक मात्र पत्रकारांच्या मतदानाने दिला जाई व त्याची कसोटी निराळी होती. ‘सर्वांत चांगला खेळाडू कोण’ असे न विचारता ‘आपल्या संघास कोण सर्वांत मोलाचा’ असे ती विचारते. गमतीचा भाग असा, की त्याच वर्षीच्या पहिल्या तारांकित संघात गोलरक्षक म्हणून लमली व दुसऱ्यात डिट्रॉइटचा टेरी सॉचक निवडला गेला. रॉलिन्स दोहोंतही नव्हता. लीगमधील पहिल्या दोन गोलरक्षकांत ज्यास स्थान नाही तोच सर्व खेळाडूंत सर्वाधिक मोलाचा, ही वरवर हास्यास्पद वाटणारी गोष्ट करंडकाच्या शब्दांशी मात्र सुसंगत होती. टीकाकारांचे म्हणणे असे, की जो संघ रॉलिन्ससहही शेवटचा आला तो त्याच्याविना शेवटचाच आला असता. मग मोल कशाचे? या आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो मान्य केल्यास मोल हे केवळ वरच्या क्रमांकासाठी झगडणाऱ्या संघांपुरते उरते. मतदारांनी तसे मानले नाही. यापूर्वी १९४२ मध्ये तळाच्या ब्रुकलिन संघाच्या टॉमी अँडरसन यास हा करंडक मिळाला होता.

हंगाम संपल्यावर एबल प्रशिक्षकपदावरून दूर झाला. डिट्रॉइटला प्रशिक्षक म्हणून तीनदा स्टॅन्ली चषक मिळवून देणाऱ्या टॉमी आयव्हन यास शिकागोचा महाव्यवस्थापक नेमण्यात आले. शिकागोसारख्या मोठ्या शहरातील संघ बुडणे कोणासच परवडणारे नव्हते, म्हणून इतर संघांनीही त्यास खेळाडू देऊ केले. डिसेंबर १९५४ मध्ये माँट्रिऑलकडून आलेला एड लिट्‌झनबर्गर त्या हंगामाचा सर्वोत्तम नवोदित ठरला. गॅड्‌स्बी मात्र त्याच सुमारास न्यूयॉर्ककडे गेला. प्रेक्षक इतके घटले होते, की १९५४-५५ मध्ये संघाचे काही ‘घरचे’ सामने सेंट लुइससारख्या परगावी भरविण्यात आले. पुढील तिन्ही हंगामांत संघ शेवटचाच राहिला.

आयव्हनने भर दिला तो कनिष्ठ संघांवर. ऑन्टॅरिओतील सेंट कॅथरिन्स येथील ‘टीपीज’ या संघातून पियेर पिलॉट, बॉबी हल व स्टॅन मिकिटा हे खेळाडू शिकागोकडे आले. खेळाडूंची संघटना उभारण्यात पुढाकार घेतल्यामुळे डिट्रॉइटला नकोसा झालेला टेड लिंड्‌झी १९५७ मध्ये शिकागोस धाडण्यात आला. तळाचा संघ ही शिक्षेची जागा समजली जात असल्याचे ते निदर्शक होय. त्याच्याबरोबर गोलरक्षक ग्लेन हॉल आला व १९५६-५७ मध्ये सर्व ७० सामने खेळलेल्या रॉलिन्सची जागा गेली. १९६१ मध्ये लिट्‌झनबर्गरच्या नेतृत्वाखाली शिकागोने स्टॅन्ली चषक जिंकला, तेव्हा १९५३-५४ च्या संघातील प्रमुख खेळाडूंपैकी कोणीही त्यात नव्हते. रॉलिन्सने १९५९-६० मध्ये न्यूयॉर्ककडून थोडे सामने खेळून लीगचा निरोप घेतला. १९९६ मध्ये तो मरण पावला. त्याच्यानंतर हार्ट करंडक मिळविणारा पुढचा गोलरक्षक प्लांट होय (१९६२). त्याचा माँट्रिऑल संघ त्या वर्षी पहिला आला होता.