उतरणीची अदृश्य वाट

किशनगड म्हटले की रसिकांना बणीठणीचे चित्र आठवते. मला आठवते २८ एप्रिल २०२२ ही तारीख. त्या दिवशी इंडिगोचे एटीआर विमान राजस्थानातल्या या लहानशा विमानतळावर ‘गगन’ या उपग्रह-यंत्रणेच्या आधाराने चाचणीसाठी उतरले. भारतात हे प्रथमच घडत होते.

मोठ्या विमानतळांवर धुक्यात वाट दाखवते ती आयएलएस. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाचा अँटेना डावे-उजवे सांभाळतो, बाजूचा अँटेना तीन अंशांची उतरण दाखवतो. तिच्या भरवशावर साधारण दोनशे फुटांपर्यंत खाली येता येते. तिथेही धावपट्टी दिसली नाही, तर पुन्हा वर. ही खर्चिक व्यवस्था लहान विमानतळांवर बहुधा नसते. मग हा निर्णय बराच वर घ्यावा लागतो आणि ढग उतरले की विमान दुसरीकडे वळते. छोट्या गावाची विमानसेवा माझ्या मते इथेच अडते. चर्चा मात्र तिकिटांच्या अनुदानाची!

गगनचे तत्त्व सोपे आहे. जमिनीवरची केंद्रे जीपीएसची चूक मोजतात आणि तिची दुरुस्ती भूस्थिर उपग्रहामार्फत विमानातल्या रिसीव्हरला मिळते. अवघड ते आयनांबर. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जात असल्याने आपल्याकडे ते फार चंचल; अमेरिकेतली गणिते इथे जशीच्या तशी चालत नाहीत. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची खरी कसोटी इथे लागली.

किमान उंची मात्र अजूनही टेकड्या, मनोरे, इमारती मोजूनच ठरते. उतरणीखाली नवा मनोरा उभा राहिला, तर ती वाढवावी लागू शकते, उपग्रह कितीही अचूक असला तरी.